चेर्नोबिलमध्ये राहिलेली सुपारी

प्रिय अहो,

अबोला मी मोडला. परवा दुपारी, चार परक्या माणसांच्या देखत, चेर्नोबिलमध्ये. आणि एकदा मोडलाच आहे तर आता सगळं बोलूनच घेते, म्हणून हे पत्र. तुम्ही उत्तर देणार नाही हे मला ठाऊक आहे. जिवंतपणी तरी कुठे धड देत होतात? पेपरच्या आडून एक "हं" यायचा, तो मी उत्तर म्हणून चालवून घ्यायची.

तर पहिली गोष्ट, मी अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, लोक येऊन सांत्वन करून गेले, फ्रीजमधले त्यांनी आणलेले डबे संपले, पण राग काही संपला नाही. लोकांना वाटतं बाई दुःखात आहे. दुःखात तर आहेच हो! पण सकाळी उठून तुमचा तो टॉवेल रेडिएटरवर दिसला की आधी राग येतो, रडू मागाहून येतं.

मला एक सांगा, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून माणूस बायकोला कुठे नेतो? आपण राहतो साउथहॅम्प्टनला. दर आठवड्याला त्या दहा मजली पांढऱ्या बोटी भोंगा वाजवत निघतात, आणि तो भोंगा आपल्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मला ऐकू येतो. वीस वर्षं ऐकतेय मी तो. मीना आणि तिचे डॉक्टर नवरोबा त्याच बोटीनं नॉर्वे बघून आले. मी काही मागितलं होतं का कधी? एकदाच म्हटलं, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आपण क्रूझला जाऊ. तर तुम्ही म्हणालात, "ती बोट म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. जेवणाच्या रांगा लावायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

आणि मग टेबलावर लिफाफा. मी खुळी, हात पुसून हौसेनं उघडला. आत काय, तर चेर्नोबिलची सहल, दोघांची! एकवीस वर्षांपूर्वी जिथे अणुभट्टी फुटली, जिथली माणसं घरंदारं टाकून गेली ती परत आली नाहीत, तिथे आपण वाढदिवस साजरा करायचा! वर कागदावर सूचना: पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्यावर काही खाऊ नये. कप्पाळ माझं! मी म्हटलं, "मीनाला काय सांगू? आम्ही पण फिरायला चाललोय, फक्त तिथे श्वास जपून घ्यायचा असतो?"

तुम्ही हसलात. तिथेच माझं डोकं फिरलं. हसला नसतात तर कदाचित तास-दोन तासांत निवळलं असतं.

तसा तुमचा वेडेपणा मला नवीन नव्हता. ती भट्टी फुटली तेव्हा केतकी तीन वर्षांची होती, आठवतं? मे महिन्यात तिकडची धूळ घेऊन इथे पाऊस पडला, आणि तुम्ही हॉस्पिटलातून ते किरणं मोजायचं, टकटक वाजणारं यंत्र घरी घेऊन आलात. मी मागच्या अंगणात मेथी लावली होती. केवढ्या कष्टानं! इथल्या त्या ओल्या मातीत मेथी उगवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. तुम्ही ती मुळासकट उपटून काळ्या पिशवीत भरलीत आणि केतकीचं दूध आठवडाभर बंद केलंत. पुढच्या आठवड्यात मेथी मोजून आलात आणि म्हणालात, "खाल्ली असती तरी चाललं असतं गं." एकवीस वर्षं ती मेथी माझ्या डोक्यात आहे.

पण त्याच वेळी तुम्ही आणखी एक म्हणाला होतात. "आम्ही नुसते आकडे मोजले, शैला. ते आकडे जिथून आले, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायचीय." मी तेव्हा कणीक मळत होते, ऐकलं आणि सोडून दिलं. लिफाफा उघडला तेव्हा ते मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी भांडलेच असते, खोटं कशाला बोलू?

तर अबोला. आपल्या घरातला नियम तुम्हीच केलेला. अबोला मोडायचा तर सॉरी म्हणायचं नाही, काहीतरी फालतू विचारायचं, आणि समोरच्यानं उत्तर दिलं की मिटलं. तुम्ही हातात गाळणी धरून "गाळणी कुठे आहे गं?" असं विचारणारे. मी "हातात!" म्हणायची आणि चहाला आधण ठेवायची. तीस वर्षांत एकदाही मी आधी विचारलं नाही. नेहमी तुम्हीच. ते मला फार मोठं जिंकल्यासारखं वाटायचं, हसू नका.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जिन्यातून खाली आलात, अनवाणी. "शैला, माझे मोजे कुठे आहेत?"

मला कळलं होतं, अहो. मोजे कुठे असतात ते तुम्हाला माहीत असतं हे मला माहीत होतं. तुम्ही मिटवायला आला होतात. आणि मी काय केलं? गॅसकडे तोंड करून उभी राहिले आणि हातातला झारा उंच करून वरच्या मजल्याकडे दाखवला. एक शब्द बोलले नाही. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे जरा तंगवून. तुम्ही वर गेलात, मग पुढचं दार वाजलं. साडेअकराला फोन आला.

तुम्ही तुमच्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कोसळलात. तिथे सगळे तुम्हाला ओळखणारे, क्षणात धावून आले, जे करायचं ते सगळं केलं त्यांनी. नर्सनं मला तुमच्या वस्तूंची पिशवी दिली. घड्याळ, चष्मा, बूट, आणि मोजे. एक काळा आणि एक करडा. कपाटाच्या खालच्या खणात, सुट्या मोज्यांत हात घातला होतात तुम्ही. वरच्या खणात जोड्या लावून ठेवलेल्या असतात हे तोंडानं सांगायला मला किती वेळ लागला असता? सांगा ना!

पुढचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते.

सहलीचं बुकिंग रद्द करायला मी लंडनला फोन केला. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "आय ऍम सो सॉरी. शॅल आय कॅन्सल बोथ?" मी तोंड उघडलं ते हो म्हणायला. आणि म्हटलं, "नो. जस्ट वन." फोन ठेवल्यावर मीच फोनकडे बघत बसले. का म्हटलं? तुमची बघायची राहिलेली जागा कुणीतरी बघून यायला हवी होती, आणि दुसरं कोण जाणार होतं?

केतकीला सांगितलं तर ती केंब्रिजहून फोनवर किंचाळली. "आई, तू वेडा झालास का? यू कान्ट गो देअर! डॅड गेला, आता तू पण?" त्या पोरीचं मराठी, काय बोलावं! मी म्हटलं, आधी वेडी म्हणायला शीक, मग आईला शहाणपण शिकव. आणि फोन आपटला. त्याला आता सतरा दिवस झाले. तिनं तीनदा मेसेज ठेवला, मी उलटून फोन केला नाही. हो, बरोबर ओळखलंत. तिच्याशीही अबोला. खोड जात नाही.

निघायच्या आधी तुमचं टेबल आवरलं. खणात किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, वाळलेली पेनं. काही म्हणून टाकायचं नाही! आणि मागे एक जुना बॅज सापडला, तुम्ही हॉस्पिटलात सगळ्यांच्या छातीवर लावायचात ना, किरणं मोजायचा, त्याचं नुसतं प्लास्टिकचं घर. क्लिप तुटलेली, म्हणून झाकणाभोवती रबरबँड. आत सुपारी. मागे तुमच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी: "शैला, वास्तुशांत."

मला लागलीच आठवलं. हे घर घेतलं तेव्हाची वास्तुशांत. गुरुजी कॉव्हेंट्रीहून गाडी चालवत आले होते, त्यांना पुढे महिनाभर दुसरा दिवस नव्हता, आणि त्याच सकाळी केतकीला ताप चढून मी तिला घेऊन वॉर्डात. बायको हजर नसेल तर तिच्या नावाची सुपारी कमरेला लावून पूजेला बसायचं, म्हणून गुरुजींनी तुमच्या पँटच्या पट्ट्यात सुपारी खोचली. संध्याकाळी तुम्ही प्रसादाचा शिरा घेऊन वॉर्डात आलात आणि म्हणालात, "आज पूजेला फार शहाण्यासारखी बसलीस. एकदासुद्धा कोपर मारलं नाहीस." ती सुपारी तुम्ही ठेवली होतीत, एवढी वर्षं! मला सांगायला काय झालं होतं?

मग मी ठरवलं. तुमच्या पट्ट्यात मी चालले, तर माझ्या स्वेटरवर तुम्ही का नाही चालणार? नवऱ्याच्या जागी सुपारी लावतात की नाही हे कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. पुरुषांची सोय शास्त्रात बसते, बायकांची सोय बायकांनीच बघायची. पिन लावून बॅज स्वेटरला अडकवला आणि निघाले.

कीव्हहून मिनीबस. लीड्सची दोन पोरं, लष्करी पँटी घातलेली, सारखे फोटो काढणारी. एक रिटायर्ड इंग्लिश बाई, मॉरीन नावाची. आणि गाईड ओक्साना, आपल्या केतकीच्या वयाची, चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलणारी. तिनं नियम सांगितले: कुठे बसायचं नाही, बॅग जमिनीवर ठेवायची नाही, शेवाळावर पाय द्यायचा नाही, आणि काही खाली पडलं तर उचलायचं नाही. "जमिनीवर पडलं की ते आमचं," म्हणाली. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, त्या बसमध्येच वाटल्या. लीड्सच्या पोरांनी लोणच्यासकट फस्त केल्या, तुमच्या वाटणीच्यासुद्धा.

तुमची ती भट्टी बघितली. लांबून. राखाडी रंगाचं मोठं गोदाम दिसतं, झालं. ओक्सानानं यंत्र पुढे धरलं, आकडे चढायला लागले, आणि मला वाटलं आता तुम्ही माझा दंड धरून लेक्चर द्याल. कधी नव्हे ते ऐकून घेतलं असतं मी.

मग गाव. प्रिप्यात. मला वाटलं होतं पडझड बघून भीती वाटेल. भीती नाही वाटली, वैताग आला. रस्त्याच्या मधोमध झाडं. जत्रेतला पाळणा तसाच उभा, पिवळ्या खुर्च्या गंजलेल्या. बालवाडीत बारक्या खाटा, आणि लीड्सच्या एका पोरानं कुठूनतरी एक छोटा बूट आणून फोटोसाठी खाटेवर मांडला. मी म्हटलं, "पुट इट बॅक!" तो म्हणाला, "इट्स ओन्ली अ शू, लव्ह." मी म्हटलं, "कुणाच्या तरी आईनं तो बूट शोधला असेल. पुट इट बॅक!" मुकाट्यानं ठेवला बिचाऱ्यानं. नाहीतरी कशालाही हात लावायचा नव्हता, ओक्साना त्याच्यावर नंतर वेगळी उखडली.

एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक घर दाखवलं. पुढे स्वयंपाकघर. सिंकमध्ये एक पातेलं, तळाशी काहीतरी वाळून कोळसा झालेलं. मी ओक्सानाला म्हटलं, बाई खरकटं तसंच टाकून गेली? ओक्साना म्हणाली, "त्यांना सांगितलं होतं, तीन दिवसांसाठी चला. कागदपत्रं घ्या, थोडं खायला घ्या. तीन दिवसांनी परत येऊ असं वाटलं त्यांना. तिनं म्हटलं असेल, आल्यावर घासू." ओक्सानाची आईही याच गावची. तिनं मांजराला तीन दिवसांचं दूध काढून ठेवलं होतं म्हणे.

मी त्या सिंकपाशी उभी राहिले, अहो, आणि मला झाऱ्याचा हात आठवला. मलाही वाटलं होतं, संध्याकाळी बोलू. मला काय माहीत! त्या बाईला तरी काय माहीत! तिथे मात्र रडले. मॉरीननं रुमाल दिला.

बाहेर आलो. पायऱ्या उतरताना मी स्वेटरवरून हात फिरवला, तुम्ही आहात ना बघायला. आणि टक् करून रबरबँड तुटला. तुमचा तो बावीस वर्षं जुना, कडक झालेला, "चालतंय की गं अजून" रबरबँड! झाकण उघडलं, सुपारी टुणकन उडाली, दोन पायऱ्या खाली आपटली आणि घरंगळत गेली ती थेट शेवाळात.

आणि मी ओरडले. खच्चून, मराठीत. "अहो! शंभरदा सांगितलं होतं, नवीन क्लिप आणा म्हणून! एक काम धड कराल तर शपथ! रबरबँड लावून संसार करायचा माणसानं?"

चार जणं वळून बघायला लागली. माझ्या लक्षात आलं, मी बोलले. चार महिन्यांनी, तुमच्याशी, तोंड उघडून. झारा दाखवल्यावरचं पहिलं बोलणं, आणि काय बोलले तर हे!

वाकून उचलणार तोच ओक्सानानं माझं मनगट धरलं. यंत्र शेवाळावर नेलं तर ते कोकलायलाच लागलं. "नो," ती म्हणाली. "काय आहे ते? औषध?"

मी म्हटलं, "माय हजबंड."

"यू व्हॉट, लव्ह?" लीड्सचा तो बुटवाला पोरगा म्हणाला, आणि मॉरीननं त्याला कोपर मारलं.

मग मी मोडक्यातोडक्या शब्दांत सगळं सांगितलं. की आमच्यात माणूस हजर नसला तर त्याच्या जागी ही ठेवतात. की माझे मिस्टर हॉस्पिटलात किरणं मोजायचे. की त्यांना हे गाव बघायचं होतं. ओक्सानानं शांतपणे ऐकलं, शेवाळातल्या त्या सुपारीकडे बघितलं आणि त्याच चेहऱ्यानं म्हणाली, "मग काळजी करू नका. इथे रिकामे फ्लॅट भरपूर आहेत."

मी हसले हो. रडता रडता हसले, नाक पुसत. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि या वेळी मला राग आला नसता.

पाच मिनिटं त्यांनी मला तिथे उभं राहू दिलं. सोडून निघवेना. एकदा झारा दाखवून पाठवलं, आता शेवाळात टाकून निघाले, असं वाटत राहिलं. पण मग म्हटलं, या माणसाला कुठूनही लवकर निघायचं नसायचंच. म्युझियममध्ये शेवटची घंटा होईपर्यंत पाट्या वाचत उभे. बघा आता निवांत. मोजा काय मोजायचं ते. आणि तुम्ही एकटे नाही आहात तिथे. ती सुपारी आधी माझ्या नावाची होती, चिठ्ठी तुमच्याच अक्षरात आहे.

परतताना एका यंत्रात उभं करतात, दोन्ही हात टेकवून. हिरवा दिवा लागला, मी स्वच्छ निघाले. तुमच्यासारखं म्हणायचं तर, खाल्ली असती तरी चाललं असतं.

काल रात्रीचं विमान पकडून आज सकाळी घरी आले. चहा केला. गाळणी हातात होती आणि मी स्वतःशीच विचारलं, गाळणी कुठे आहे? कुणी "हातात" म्हणालं नाही.

म्हणून आता तुम्हाला वचन देते, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्याचाच तर तुम्हाला एवढा त्रास झाला. हे पत्र संपलं की केतकीला फोन करणार. मी आधी. सॉरी नाही म्हणणार, तेवढं अजून जमायचं नाही. तिला विचारीन, "तुझ्या बाबांचा टॉवेल रेडिएटरवर आहे, कुठे ठेवू गं?" ती तुमचीच मुलगी आहे, तिला कळेल. आणि यापुढे या घरात कुणीही काहीही विचारलं, कितीही फालतू, तरी मी तोंडानं उत्तर देईन. झारा नाही दाखवणार.

आणि हो, तुम्ही विचारलं होतंत.

मोजे वरच्या खणात आहेत, डाव्या हाताला. काळे वेगळे, करडे वेगळे. सगळ्या जोड्या लावून ठेवल्यात.

तुमचीच,
शैला